काही न करायच्या चार ओळी

कॉलेजच्या नोटीस बोर्डावर तो कागद लागला तेव्हा आम्हां पोरींना वाटलं, कोणीतरी चेष्टा केलीय. निळ्या शाईनं हाती लिहिलेली जाहिरात होती. "द्राक्ष, माती व पाणी यांवर काम करणाऱ्या संशोधन केंद्रात नव्या पदवीधरांसाठी दोन जागा. मुदत एक वर्ष. विद्यावेतन बेताचे. काम बहुतेक वेळ बघत बसण्याचे. वर्षाअखेर दोघांपैकी एकास कायम करता येईल. दुसऱ्यास करता येणार नाही, याबद्दल आत्ताच दिलगीर आहे. घाई असणाऱ्यांनी अर्ज करू नये."

अशी जाहिरात लिहिणाऱ्या माणसाला एकदा बघून तरी घ्यावं, म्हणून मी अर्ज केला, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आले. ते खोटं आहे. सत्तरचं दशक संपत आलं होतं, मी वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झाले होते आणि त्या पदवीला नाशकात कुणी विचारत नव्हतं. दादा, म्हणजे माझे वडील, नगरपालिकेच्या शाळेत शिपाई होते आणि त्यांच्या निवृत्तीला दीड-दोन वर्षं उरली होती. मनमाडहून एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा रेल्वेत फिटर, नाकीडोळी नीटस, नाव ठेवायला जागा नाही. आईनं मला सरळ सांगून टाकलं होतं, "वरसभरात पक्की नोकरी लागली तर आम्ही तुझं ऐकू. नाय लागली तर तू आमचं ऐकायचं."

केंद्र गंगापूर रोडला, गाव संपून मळे सुरू होत तिथं होतं. मुंबईच्या एका कंपनीचं. शेतीची औषधं, खतं बाजारात आणायच्या आधी ती इथं तपासून बघत. मुलाखतीला आम्ही अकराजण. एका बैठ्या इमारतीसमोर कडुलिंबाखाली केंद्राच्या प्रमुखांनी, म्हणजे आमच्या सरांनी, स्वतःची खुर्ची उमेदवारासाठी ठेवली होती आणि स्वतः स्टुलावर बसले होते. तासाभरानं माझा नंबर आला. त्यांनी माझ्या हातात एक पान दिलं आणि विचारलं, "याला काय झालंय?"

पान कडेनं पिवळं पडलं होतं. चार कारणं मला पाठ होती, पण त्यातलं नेमकं कुठलं ते पानावरून सांगता येईना. म्हटलं, "माहीत नाही." दुसरं पान दिलं. तेही माहीत नाही. तिसरंही नाही. तेव्हा ते म्हणाले, "मग तुम्हाला माहीत काय आहे?"

माझं डोकं तापलं होतं. म्हटलं, "तुम्ही अकरा माणसांना तासभर उन्हात उभं केलंत आणि स्वतः सावलीत बसलात, एवढं माहीत आहे."

त्यांनी वर बघितलं, मग रांगेकडे बघितलं. "असेल," म्हणाले, आणि वहीत काहीतरी लिहिलं. उरलेल्या पाचजणांना सावलीत बोलावून घेतलं. मला म्हणाले, "सोमवारपासून या, बाई. छत्री आणा."

मला तेव्हा विसावं सरत होतं आणि जन्मात कोणी 'बाई' म्हटलं नव्हतं. सर सगळ्यांनाच अहो-जाहो करत. माळ्याला, ट्रॅक्टरवाल्याला, केंद्रातल्या मांजरीलासुद्धा. "अहो, तुम्ही जरा टेबलावरून उतरता का?" असं ते मांजरीला म्हणताना मी स्वतः ऐकलं आहे. ती उतरत नसे. मग ते दुसऱ्या टेबलावर जाऊन बसत.

अंगानं किरकोळ, खाकी अर्धी विजार, पांढरा सदरा आणि सदऱ्याला दोन खिसे. डाव्या खिशात पानं आणि उजव्या खिशात चिठ्ठ्या. हे खिसे चुकून अदलाबदल झाले की दिवसभर अस्वस्थ असत. लग्न केलेलं नव्हतं. केंद्राच्या मागच्या खोलीतच राहत. कोणी काहीही सांगितलं तरी त्यांचं उत्तर एकच, "असेल. लिहा." सर, उद्या पाऊस येईल. "असेल. लिहा." सर, विहिरीच्या मोटरचा आवाज बदललाय. "असेल. लिहा." एकदा हेडक्लार्क वैतागून म्हणाले, "साहेब, या केंद्रात काम करून करून मला वेड लागायची वेळ आलीय." त्यावरही तेच उत्तर आलं.

चिठ्ठ्यांचं सांगितलं पाहिजे. औषधाची चाचणी घेताना वेलींच्या कुठल्या ओळीवर औषध मारायचं आणि कुठल्या ओळीवर नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात. आपण ठरवलं तर नकळत चांगल्या ओळींना औषध देऊन मोकळे होतो. "माणूस प्रामाणिक असला तरी त्याचा हात प्रामाणिक असतोच असं नाही," हे सरांचं वाक्य. ते शास्त्र झालं. पण सरांनी ते ओळींपुरतं ठेवलं नव्हतं. कोणी कुठल्या खुर्चीवर बसायचं, शनिवारी कोणी लवकर घरी जायचं, दिवाळीत कोणी राखणीला राहायचं, सगळं बिस्किटांच्या एका जुन्या डब्यातून निघे. साहेबाची मर्जी नाही, वशिला नाही, रुसवाफुगवा नाही. रुसायचं तर डब्यावर रुसा.

दुपारचं जेवणसुद्धा त्यातच. बारा वाजता सगळे कडुलिंबाखाली बसायचे, प्रत्येकानं एक चिठ्ठी काढायची आणि ज्याचं नाव निघेल त्याचा डबा खायचा. माळ्याच्या भाकरीवर साहेब आणि साहेबांच्या बेचव भातावर माळी, असं चाले. माळ्याचं त्यात फार नुकसान व्हायचं.

मी रुजू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी हेडक्लार्कना माझ्या नावाची चिठ्ठी आली. ते पंचवटीतले, वयस्क, कपाळावर गंध. माझं आडनाव त्यांना ठाऊक होतं, मी कुठल्या कॉलनीतून येते तेही ठाऊक होतं. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली आणि म्हणाले, "आज माझा उपास आहे."

सर म्हणाले, "असेल. मग हा निकाल उद्यावर." दुसऱ्या दिवशीही उपास निघाला. तिसऱ्या दिवशीही. आदला निकाल लागल्याशिवाय नवी चिठ्ठी काढायची नाही, असा सरांचा नियम, त्यामुळे सगळे आपापला डबा घेऊन चिडीचूप खात होते आणि कोणीही माझ्याकडे बघत नव्हतं. चौथ्या दिवशी हेडक्लार्कनी काही न बोलता हात पुढे केला, माझा डबा घेतला, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. "मीठ कमी आहे," म्हणाले. सगळे हसले. सर तर इतके खूश झाले की त्यांनी चष्मा पुसला.

माझ्या मात्र अंगाची लाही झाली होती. जेवण झाल्यावर मी त्यांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "सर, चार दिवस मी तिथं खाली मान घालून बसले होते. तुमचा प्रयोग झाला, माझं काय झालं? माझ्या आईच्या हातची भाकरी तुमच्या तपासणीसाठी नाही."

ते उठून उभे राहिले. मग म्हणाले, "चूक झाली, बाई. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. मला ते सुचलंच नाही." नुसतं तोंडानं म्हणून थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, "डब्याच्या चिठ्ठ्यांत ज्याला यायचं त्यानंच यावं, आणि गेले चार दिवस मी या बाईंना न विचारता त्यांना त्रास दिला, त्याची माफी मागतो." मोठ्या माणसानं माझ्यासारखीची चारचौघांत माफी मागितल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी चिठ्ठीत राहिले. हेडक्लार्कही राहिले, आणि पुढं पुढं माझा डबा आला नाही की कुरकुर करू लागले.

दुसरा शिकाऊ उमेदवार निफाडकडचा होता. मी त्याला निफाडकरच म्हणायचे. घरची द्राक्षबाग, त्यामुळे माझ्यासाठी जे पुस्तकात होतं ते त्याच्या बोटांत होतं. आम्हां दोघांना सर पाण्याचे नमुने आणायला पिटाळत. हे काम कंपनीनं सांगितलेलं नव्हतं. शहराजवळ अंबडला कारखाने उभे राहत होते, आणि आसपासच्या विहिरींचं पाणी आत्ताच तपासून ठेवलं पाहिजे, नंतर बिघडलं तर आधी कसं होतं हे कोण सांगणार, असं सरांचं म्हणणं. पार येवल्यापर्यंतच्या विहिरी त्यांनी यादीत घातल्या होत्या. एसटीत आम्ही बाटल्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसायचो आणि कंडक्टर संशयानं बूच उघडून वास घ्यायचा. "ताई, नुसतं पाणी घेऊन येवल्याहून नाशकाला चाललाय?" एकानं विचारलं. निफाडकर म्हणाला, "सायेबांना हेच पाणी गोड लागतंय." कंडक्टरनं आमच्या साहेबांबद्दल फार सहानुभूती दाखवली.

हसतखेळत सहा महिने गेले. पण दोघांतला एकच कायम होणार, हे दोघांनाही माहीत होतं, आणि ते आम्ही कधी बोलत नव्हतो.

ऑक्टोबरची छाटणी झाली आणि चाचणी सुरू झाली. मुंबईहून डावणीवरचं एक नवं पावडरीचं औषध आलं होतं. डावणी म्हणजे द्राक्षाच्या पानांवर पडणारा रोग. वरून तेलकट पिवळा डाग, खालून पांढरी बुरशी, ढगाळ हवा मिळाली की आठवड्यात मांडव रिकामा. आमच्या मांडवाखाली बारा ओळी होत्या. आठ ओळींवर ते औषध मारायचं, ते काम निफाडकरचं, कारण पंप पाठीवर घ्यायची त्याला सवय. उरलेल्या चार ओळींवर काहीच मारायचं नाही. याला कंट्रोल म्हणतात. औषध न मारलेल्याचं काय होतं हे कळल्याशिवाय मारलेल्याचा फायदा कळत नाही. या ओळी दरवर्षी नव्यातल्या सगळ्यात नव्या माणसाकडे जात. तशा माझ्याकडे आल्या.

"बाई, या चार ओळींत तुम्ही काही करायचं नाही," सर म्हणाले.

"मग काय करायचं?"

"रोज यायचं, बघायचं, लिहायचं आणि जायचं. दर शनिवारी शंभर पानांत किती पानांवर डाग आहेत ते मोजायचं. बस्स."

मला वाटलं, यापेक्षा सोपं काम जगात नसेल.

नोव्हेंबरात आभाळ भरून आलं ते हटेना. पहिले डाग दिसले तेव्हा मी उत्साहानं लिहिले. दुसऱ्या आठवड्यात पानं उलटी केली की पांढरा थर दिसू लागला. वेलींना फुलोरा आला होता. शेजारच्या आठ ओळी हिरव्यागार आणि माझ्या चार ओळी आजारी, आणि मी वही घेऊन खाली उभी. स्टुलावर चढून मी पानं बघायची, आणि बघता बघता एखादं फारच सडलेलं पान तोडून पिशवीत टाकायची. घरी मेथी निवडताना आपण पिवळं पान काढतो, तितक्या सहज. आपण काही करतोय असं माझ्या मनातही आलं नाही. औषध मारलं नाही, पाणी जास्त घातलं नाही, म्हणजे काही केलं नाही, असंच मी धरून चालले होते. आज पाच, उद्या दहा. मग रोज पिशवी भरू लागली आणि ती मी कुंपणापलीकडच्या खड्ड्यात रिकामी करत होते. वेली जरा बऱ्या दिसल्या की मला घरी जाताना बरं वाटायचं.

शनिवारचे आकडे विचित्र येऊ लागले. औषध मारलेल्या ओळींत डाग कमी, पण माझ्या ओळींतही फार नाहीत. सर गोंधळले. वारा औषध उडवून माझ्या ओळींवर आणतो की काय म्हणून रुमाल धरून वाऱ्याची दिशा बघत बसले. पंप तपासला. सहा आठवडे हे चाललं आणि शेवटी त्यांनी मुंबईला कळवलं, की औषधाचा म्हणावा तसा उपयोग दिसत नाही, अहवाल पाठवतो. मुंबईची माणसं खवळली. त्यांनी औषधाचे डबे छापून ठेवले होते.

अहवाल पुरा करण्याआधी सरांना एकदा बाहेरची बाग बघायची होती. केंद्राला लागून एका शेतकऱ्याचा मांडव होता. मालक बाहेरगावी अडकला होता आणि कोपऱ्यातल्या काही वेलींवर कोणी फवारणी केलेली नव्हती. मी सरांबरोबर गेले. त्या कोपऱ्यात मांडवावर पान म्हणून उरलेलं नव्हतं. घड काळे पडून लोंबत होते. तिथं काम करणारी एक बाई म्हणाली, "औषिद नाय मारलं, आन् आम्ही पानालाबी हात नाय लावला. मालकच नाय तर कोन सांगनार?"

पानाला हात नाय लावला. हेच आभाळ, हीच जात, मध्ये फक्त एक कुंपण. माझ्या ओळी वाचल्या होत्या कारण मी त्यांचा रोग रोज पिशवीत भरून बाहेर नेत होते. सर वाकून पानं उचलत होते आणि स्वतःशीच म्हणत होते, "मग आपल्याकडे असं का?" त्या क्षणी बोलायला हवं होतं. बोलले नाही.

संध्याकाळी निफाडकरला सांगितलं. तो म्हणाला, "मी पायलं होतं तुला पानं तोडताना. मला वाटलं, सरांनीच सांगितलं असंल."

"आता?"

"आता काय? गप ऱ्हा. कोणाला कळणार हाय? औषध वाईट ठरंल, कंपनी दुसरं काढंल. तू सांगितलंस तर तुला ठेवतील का?"

"मला नाही ठेवलं तर तुला ठेवतील."

"ते मला कळतं," तो म्हणाला. "म्हणूनच सांगतोय गप ऱ्हा. असं मिळालेलं मला नगं."

घरी गेले तर मनमाडची मंडळी रविवारी यायचं म्हणत होती. आई चकल्यांची भाजणी दळून आणायला निघाली होती. मी ताटावर बसले आणि उठले. बोलावं तर नोकरी जाते, गप्प बसावं तर एका चांगल्या औषधाचं वाटोळं होतं, आणि ज्या माणसानं माझी चारचौघांत माफी मागितली त्याच्या सहीनं खोटा अहवाल जातो. ही शेवटची गोष्ट मला जास्त लागत होती.

सकाळी मी सरांच्या टेबलापुढे उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग विचारलं, "रोज किती पानं?"

"मोजली नाहीत."

"कुठली तोडायचात?"

"जी जास्त आजारी असतील ती."

"का?"

"बघवत नव्हतं, सर."

त्यांनी चष्मा काढला. टेबलावरची मांजर उठून गेली. मी वाट बघत होते, की आता 'असेल, लिहा' म्हणतील. म्हणाले नाहीत. स्वतःच वही ओढली आणि स्वतःच्या अक्षरात सगळं लिहिलं. मग हेडक्लार्कना बोलावून मुंबईला पत्र सांगायला बसले.

दुपारी हेडक्लार्क पत्राची प्रत घेऊन माझ्याकडे आले. "वाचा. नंतर म्हणाल, मला कोणी काही सांगितलं नाही," म्हणाले, आणि मी वाचेपर्यंत पाठ करून उभे राहिले. पत्रात होतं, की कंट्रोलच्या ओळी केंद्राकडून बिघडल्या असून यंदाचा निकाल रद्द धरावा. चाचणी पुढल्या वर्षी पुन्हा घ्यावी लागेल. कायम जागेसाठी निफाडकरची शिफारस करीत आहे. दुसऱ्या उमेदवाराची मुदत एक वर्ष वाढवावी, अशी विनंती आहे. आणि शेवटी, "या उमेदवाराने प्रयोग बिघडवला हे खरे आहे. परंतु हे मला केवळ तिच्यामुळेच कळले."

"साहेब, असं लिहून कोणी मुदत देतं का, म्हणून मी भांडलो," हेडक्लार्क म्हणाले. "ऐकत नाहीत. तुम्हीपण काय बाई, मेथी निवडायची ती घरी निवडायची."

मुंबईनं पुढे वर्ष दिलं. कसं दिलं ते त्यांचं त्यांना माहीत. पण घरून वर्ष कोण देणार? आईनं चकल्या तळायला घेतल्या होत्या. रविवारी सकाळी, मंडळी यायच्या आधी, आमच्या दारात सायकल थांबली. सर. आज विजार पूर्ण लांबीची होती. ते आत आले, बुद्धाच्या तसबिरीला हात जोडले, दादांनी पुढे केलेल्या खुर्चीवर न बसता पलंगाच्या कडेला बसले आणि चहा यायच्या आतच म्हणाले, "तुमच्या मुलीनं माझं एक वर्ष वाया घालवलंय. ते मी परत मागायला आलोय."

दादा आयुष्यभर साहेब लोकांपुढे उभे राहिलेले. असं बोलणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "खरं का गं?"

"खरं आहे, दादा."

"मग द्यायलाच पायजे," दादा म्हणाले. "आपण कोणाचं ठेवत नाय."

आई आतून म्हणाली, "आन् मनमाडची मानसं?" तर सर म्हणाले, "चकल्यांचा वास फार चांगला येतोय," आणि त्यांनी सात चकल्या खाल्ल्या. मनमाडच्या मंडळींना उरलेल्या पुरल्या. त्यांनी वर्षभर थांबायला नकार दिला, आणि आईनं तो राग सरांवर बरीच वर्षं धरला.

त्याच मार्चअखेरीस सरांची मुदतवाढ झाली नाही. वय झालं होतंच. माझ्यामुळे झाली नाही की वयामुळे, ते कोणी सांगितलं नाही. मी माझ्यामुळेच असं धरून चालते. ते येवल्याला आपल्या बहिणीकडे राहायला गेले. जाताना निरोपसमारंभाला बोलायला उठले आणि दोन वाक्यांत बसले. डोळे मात्र पुसत होते, आणि आम्ही सगळेच पुसत होतो.

दुसऱ्या वर्षी पुन्हा बारा ओळी, आठ औषधाच्या आणि चार माझ्या. आभाळ पुन्हा तसंच भरून आलं. मी रोज हात पाठीमागे बांधून त्या मांडवाखालून चालत गेले. पिवळं पडलेलं पान हाताला लागत असे इतक्या जवळ. फुलोरा गळाला. धरलेले थोडे घड वाळले. डिसेंबरात माझ्या चार ओळींखालून वर नुसतं आभाळ दिसत होतं, आणि शेजारी हिरवा मांडव घडांनी वाकला होता. आकडे इतके साफ आले की वाद घालायला कोणाला जागाच राहिली नाही. मी कायम झाले.

ते पत्र घेऊन मी एसटीनं येवल्याला गेले. सरांच्या बहिणीचं घर मागांच्या गल्लीत होतं. दोन्ही बाजूंनी पैठण्यांचे माग खडखडत होते. सर आरामखुर्चीत होते. पडून पाय दुखावला होता आणि अगदीच वाळले होते. मी पत्र हातात दिलं. त्यांनी ते उघडलं नाही. विचारलं, "कंट्रोल?"

"गेल्या, सर. चारही ओळी. एकाही पानाला हात लावला नाही."

"जड गेलं?"

"हो," म्हटलं, आणि इतक्या महिन्यांचं रडू तिथं फुटलं.

त्यांनी मला रडू दिलं. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "मला ते जमलं नाही, बाई. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे दिल्या होत्या अशा ओळी. तिसऱ्या आठवड्यात पहाटे जाऊन मोरचूद-चुन्याचं जुनं औषध फवारून आलो. कोणाला सांगितलं नाही. तो निकाल तसाच छापून आला, माझ्या नावानं. त्यानंतर मी त्या ओळी कधी स्वतःकडे ठेवल्या नाहीत. दरवर्षी नव्या पोराला द्यायचो. म्हणायचो, त्यांना शिकायला मिळतं."

बहिणीनं चहा आणला. आम्ही दोघांनी तो प्यायला. निघताना मी वाकून नमस्कार केला. त्यांना तो कधी आवडत नसे, पण त्या दिवशी त्यांनी करू दिला. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

मी त्या केंद्रात पुढे बरीच वर्षं काढली. दरवर्षी शिकायला नवी मुलं-मुली यायची, त्यांच्या जाहिराती मीच लिहायची. काही न करायच्या चार ओळी मी त्यांच्यापैकी कोणाला दिल्या नाहीत. त्या माझ्याकडेच ठेवल्या, आणि दरवर्षी मरताना बघितल्या.